दहाव्याची सोय

उल्कानं आईच्या मागच्या दारावर परसकान बसवला तेव्हा मंदाकिनीबाईंनी एकच प्रश्न विचारला होता. "हा ऐकतो म्हणजे काय काय ऐकतो गं?"

"पक्षी," उल्का म्हणाली होती. "फक्त पक्षी."

चार वर्षांपूर्वी हे उत्तर खरं होतं. निदान उल्काला तसं वाटत होतं.

परसकान म्हणजे साबणाच्या वडीएवढी करडी डबी. आत एक बारीक माइक आणि त्याहून बारीक मेंदू. परसात जो आवाज होईल त्याचं डबी चित्र काढते. वेळ आडवी, स्वराची पट्टी उभी. बुलबुलाचं चित्र छोट्या पायऱ्यांसारखं येतं, तांबटाचं एकसारख्या ठिपक्यांच्या रांगेसारखं. यंत्राला अशी लाखो चित्रं दाखवली की ते नवं चित्र पाहून पक्ष्याचं नाव सांगायला शिकतं. जिथं ते अडखळतं तिथं माणसाचा कान लागतो. उल्का पुण्यात ही डबी बनवणाऱ्या कंपनीत नेमकं तेच काम करायची. रोज तीनशे संशयास्पद आवाज ऐकायचे आणि नावं पक्की करायची. सहकारी तिला गमतीनं कानतपासनीस म्हणत.

मंदाकिनीबाईंची नजर तेव्हा काचबिंदूनं जवळजवळ गेली होती. सांगलीच्या त्यांच्या घराला मागं चांगलं ऐसपैस परस होतं. एक आंबा, दोन शेवगे, धुण्याचा दगड आणि कोपऱ्यात कुंदाची खोली. कुंदा अकरा वर्षं त्यांच्याजवळ होती, त्यांना आक्का म्हणायची. आधी स्वयंपाकाला आली, मग बाईंचे डोळे झाली. दिसेनासे झालेले पक्षी डबीनं त्यांना परत आणून दिले. "आता डावीकडं शिंपी," डबी सांगायची आणि मंदाकिनीबाई डावीकडं मान वळवून हसायच्या.

पण त्यांचा खरा जीव कावळ्यांवर. शहरातले कावळे दरवर्षी कमी होत चालले होते, तरी या परसात सहा-सात यायचेच. पहिल्या वर्षी डबी नुसतं 'कावळा' म्हणायची. दुसऱ्या वर्षी कोणता कावळा तेही सांगू लागली, कारण माणसांसारखाच प्रत्येक कावळ्याचा आवाज वेगळा असतो. फक्त आपला कान तेवढा बारीक नसतो. मंदाकिनीबाईंनी त्यांना नावं ठेवली. ऐटीत चालणारा मामलेदार. आवाज बसलेली घोगरी. रोज दुपारी बारा वाजता त्या मागच्या पायरीवर बसून हाक मारायच्या, "ये गं घोगरे, ये. भात निवला. ये रे मामलेदारा." मग आत तोंड करून, "कुंदा, ठेव गं." कुंदा ताटली आणून दगडावर ठेवायची.

हाकेनंतर सरासरी अकरा सेकंदांत घोगरी उतरते, हे उल्काच्या लक्षात आलं ते पुण्यात, कामाच्या पडद्यावर. कंपनीचा नियम होता की माणसाचा आवाज तासाभरात पुसला जावा. पण पक्षी एका विशिष्ट माणसाचा आवाज ओळखतात याचा इतका स्वच्छ पुरावा तिनं पाहिला नव्हता. तिनं आईच्या आवाजापुढं खूण केली: 'जतन करा. संशोधनासाठी.' आईला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. आईचाच तर आवाज.

फेब्रुवारीत मंदाकिनीबाई गेल्या. झोपेतच, त्रास न होता.

आठव्या दिवशी परसात खुर्च्या टाकून मंडळी बसली होती. उल्काचा थोरला भाऊ गिरीश, बाजारपेठेत त्याचं टाइल्सचं मोठं दुकान. आणि वडिलांचे धाकटे भाऊ बापूकाका, ज्यांच्या शब्दाबाहेर भावकी जात नसे. कुंदा चहाचे कप ठेवून खोलीकडं गेली तेव्हा बापूकाकांनी आवाज खाली आणला.

"गिरीश, वहिनींचा जीव कुणात होता हे मी सांगायला नको. मला दोनदा म्हणाल्या होत्या, माझ्यामागं कुंदीला खोलीतनं कुणी उठवू नये. दहाव्याला कावळा अडला तर तुला हे बोलावं लागेल."

गिरीशनं चहात बिस्कीट बुडवलं. परसासकट सगळी जागा तो एका बिल्डरला देणार होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. उल्कानं सही करायचं हक्कसोडपत्रही टाइप करून तयार होतं. बहिणीनं भावाला हक्क सोडून द्यायचा, यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. उल्कालाही आजवर वाटलं नव्हतं.

"काका, बोलायची वेळच यायची नाही," गिरीश म्हणाला. "लगेच शिवेल बघा."

"का? फोन केलायस काय त्याला?"

सगळे हसले. गिरीशही हसला. उल्कानं मागच्या दाराकडं पाहिलं. कडीच्या वर स्क्रूची दोन भोकं तेवढी राहिली होती.

"दादा, परसकान कुठंय?"

"दुरुस्तीला दिलाय. खातं माझ्या नावावर करून घेतलं. वारस म्हणून."

तिला थोडं नवल वाटलं. दादाला चिमणी आणि भारद्वाज यांतला फरक कळत नसे.

दहाव्याला सकाळी साडेआठला सगळे नदीवर पोचले. घाटावर आणखी दोन कुटुंबांचे विधी चालले होते. उपाध्ये गुरुजींनी केळीच्या पानावर पिंड मांडला, वर तीळ आणि पांढरं फूल. "मागं सरा, वाट द्या त्याला," ते म्हणाले आणि सगळे हात जोडून दहा पावलं मागं झाले. पुढचा रिवाज सांगावा लागत नाही. कावळा आला तर गेलेलं माणूस तृप्त. नाही आला तर काहीतरी राहिलंय. मग घरातल्या कर्त्यानं मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत, ते पुरं करायचा शब्द द्यायचा. तरीही नाही आला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववतात, पण ती नाइलाजाची गोष्ट. आणि पिंडासमोर दिलेला शब्द गिरीशसारख्या दुकानदारालाही मोडता येत नाही. भावकी ऐकत असते. गिऱ्हाईकंही त्यातलीच.

उल्का वाट पाहत होती. तिला कावळा यायला नको होता. कावळा अडला तर दादाला बोलावं लागणार होतं, आणि दादा बोलला की कुंदाच्या डोक्यावर छप्पर राहणार होतं. हिशोब इतका साधा होता. आईच्या पिंडाला कावळा शिवू नये अशी इच्छा करणारी मुलगी म्हणून तिला आपली थोडी लाजही वाटत होती.

पाच मिनिटं गेली. मग वरच्या उंबरावर एक काळा ठिपका उतरला. मग दुसरा. मग आणखी तीन.

"आले, आले," कुणीतरी पुटपुटलं.

कावळे उंबरावर बसले, माना तिरक्या करून खाली पाहू लागले. त्यातल्या एकीचा बसका आवाज उल्कानं डोळे मिटूनही ओळखला असता. घोगरी. घरापासून नदी दीड किलोमीटर. घोगरी इकडं कधी येत नसे, तिच्या फेऱ्यांचा नकाशा उल्कानंच तयार केला होता.

तिनं आजूबाजूला नजर फिरवली. गुरुजींच्या मागं, दीपमाळेच्या आडोशाला, भुरी टोपी घातलेला एक माणूस तीन पायांच्या तिकाटण्याशेजारी उभा होता. गळ्यात ओळखपत्र, त्यावर 'स्पर्श सेवा'. तिकाटण्यावर जेवणाच्या ताटाएवढी काळी चकती होती आणि तिचं तोंड उंबराकडं होतं.

त्याच वेळी तिला कुंदा दिसली. भांड्यांची पिशवी घेऊन ती एकटीच वरच्या पायरीवर, उंबराखाली उभी होती. तिच्या हातातली पिशवी खाली पडली होती. तोंडावर हात घट्ट दाबलेला, डोळे फाटलेले.

उल्का पायऱ्या चढून गेली. "कुंदा, काय झालं?"

"ताई," कुंदा कशीबशी म्हणाली, "आक्का बोलल्या."

"काय?"

"हितं उभ्या ऱ्हावा. हितं. माझ्या जागंवर."

उल्का एक पाऊल सरकली.

"...घोगरे, ये. भात निवला. ये रे मामलेदारा."

आवाज कानाशी होता. आईचा. शेवटच्या वर्षातला, जरा धाप लागलेला, 'ये' म्हणताना किंचित लांबणारा. उल्कानं डोकं मागं घेतलं तसा तो नाहीसा झाला. खाली नदी, लोकांची कुजबूज, बस्स. पुन्हा पाऊल पुढं टाकलं. थोडी शांतता, मग चुलीवर ठेवलेल्या पातेल्याचा आवाज, आणि,

"कुंदा, ठेव गं."

ही करामत उल्काला माहीत होती. माणसाला ऐकू न येणाऱ्या दोन उंच लहरी एका दिशेनं सोडायच्या. वाटेत हवेतच त्या एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्यातला फरक तेवढा आवाज होऊन उमटतो. विजेरीचा झोत असतो तसा आवाजाचा झोत. झोतात उभं राहील त्याला ऐकू येतं, हातभर बाजूच्याला काही नाही. संग्रहालयात चित्रासमोर उभं राहिलं की त्याची माहिती ऐकू येते ती अशीच. परसापासून झाडाझाडांवर तो टाकत कावळे इथवर आणले असणार, आणि आता तो उंबरावर सोडला होता. कावळ्याचा नकली आवाज दोनदा चालतो, तिसऱ्यांदा कावळे फसत नाहीत. पण चार वर्षं रोज भाताला बोलावणाऱ्या बाईची हाक खोटी असेल असं त्यांना का वाटावं?

आणि ती हाक जपून ठेवली होती उल्कानं.

कानात कुणीतरी ओलं बोट घातल्यासारखं वाटत होतं. तिनं पदरानं कान खसाखसा पुसला. उपयोग झाला नाही. खाली उतरून ती गिरीशच्या शेजारी उभी राहिली.

"दादा, ते बंद करायला सांग."

"काय बंद करायला?"

"मी ऐकलंय."

गिरीशनं समोर हात जोडलेलेच ठेवले. ओठ न हलवता तो म्हणाला, "मोठ्यानं बोलू नकोस. आजकाल सगळेच करतात. त्या पलीकडच्या देशमुखांनीसुद्धा केलंय."

"आईला तिच्याच पिंडावर कावळे बोलवायला लावलंस तू."

"मग त्यात खोटं काय? आवाज तिचाच आहे. कावळे तिचेच आहेत. आईनं बोलावलं, ते आले. मी फक्त सोय केली."

"कुंदाचं नाव घ्यायला लागू नये म्हणून."

"उल्का, तुझ्या कंपनीनंच विकलंय हे त्यांना. वाच जरा तुमचे नियम. मला शिकवू नकोस."

ते वाचायची तिला गरज नव्हती. 'संशोधनासाठी' या शब्दाखाली काय काय खपतं हे तिला त्या क्षणी कळलं. भावाचा चेहरा तिनं पाहिला. क्षौर केल्यामुळं गुळगुळीत, घामेजलेला, कामाला लागलेला. गिऱ्हाइकाला खालच्या दर्जाची फरशी वरच्या दराची म्हणून दाखवताना असायचा तोच.

एवढ्यात मागून बापूकाकांचा आवाज आला. "अरे, ते बघा काय!"

कावळे उतरले होते. पण पिंडाकडं नाही. घोगरी, मामलेदार आणि आणखी तिघं वरच्या पायरीवर, कुंदाच्या पायांशी उड्या मारत होते. माना वर करून तिच्या हातांकडं पाहत होते.

'स्पर्श सेवे'चा माणूस चकतीशी खटपट करू लागला. त्याची चूक फार साधी होती. त्यानं हाक उचलली, पण हाकेच्या शेपटीचं 'कुंदा, ठेव गं' कापलं नाही. कापलं असतं तरी फरक पडला नसता, कारण कावळे माणसांचे चेहरे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. मंदाकिनीबाईंच्या हातून त्यांनी कधी एक शीतही खाल्लं नव्हतं. आवाज बाईंचा, हात कुंदाचा. हाक आली की कुंदाकडं जायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. ज्यानं परसात एक दुपार काढली असेल त्याला हे ठाऊक असतं. गिरीशनं काढली नव्हती.

बापूकाकांनी दोन्ही हात डोक्यापर्यंत नेऊन जोडले. "वहिनी, कळलं बरं. कळलं. गिरीश, आता काय वाट बघतोस? आणखी काय सांगायला पाहिजे त्यांनी?"

चाळीस माणसं गिरीशकडं वळली. एका चुलतीनं रडायला सुरुवात केली. गिरीशचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कावळे खरे म्हणावेत तर शब्द द्यायला हवा. खोटे म्हणावेत तर कसे खोटे ते सांगायला हवं. त्यानं एकदा दीपमाळेकडं पाहिलं, एकदा उल्काकडं. ती पिंडाकडं बघत राहिली.

"आई," तो घसा खाकरून म्हणाला, "कुंदाची खोली... तिची तिलाच राहील."

"मोठ्यानं!"

"कुंदाला तिच्या खोलीतनं कुणी उठवणार नाही!"

कुंदाला हे ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती पायऱ्या उतरून आली, रोज दुपारी चालायची तशी, मान खाली घालून. पाच कावळे तिच्या मागं. ती पानाजवळ उकिडवी बसली, पिंड दोन बोटांनी किंचित पुढं सरकवला आणि बाजूला झाली. घोगरीनं लगेच चोच मारली.

"शिवला!" सगळ्यांनी नमस्कार केला. उल्कानंही हात जोडले. हवं होतं ते मिळालं होतं. मिळालं होतं त्याच घाणीतून.

परतताना तिनं आधी कुंदाला सांगितलं. डबी, झोत, जपून ठेवलेली हाक, सगळं. स्वतःची खूण लपवली नाही. कुंदानं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे आक्का न्हवत्या?"

"आवाज त्यांचाच होता."

"मग त्यो कुनाला इचारून काढला?"

उल्कानं तिच्या हातातली भांड्यांची पिशवी आपल्याकडं घेतली.

मग तिनं बापूकाकांना गाठलं. घरी अंगणात पाय धूत होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं, ओळीनं, काही वाढवलं नाही. दादाचा शब्द खोट्यावर उभा आहे, तुम्हाला हे कळलंच पाहिजे, असं म्हणाली. काका ओल्या पायांनी तसेच उभे राहिले. त्यांच्या तोंडावर राग येईल, निदान शरम येईल, म्हणून ती थांबली.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "उल्के, त्या माणसाचा नंबर आहे का गं तुझ्याजवळ?"

"काका!"

"अगं, पुढल्या महिन्यात तुझ्या काकूचं वर्षश्राद्ध. मागल्या खेपेला दोन तास ताटकळलो होतो. तिचे फोनवरचे आवाज आहेत माझ्याकडं पुष्कळ. चालतील ना तसले?"

ती आत गेली. आत गिरीश टेबलाशी कागद पसरून बसला होता. अंघोळ करून, कपडे बदलून, पुन्हा दुकानदार झालेला.

"ये. तेराव्यापर्यंत थांबायला नको, आजच उरकू," तो म्हणाला. "आणि तो शब्द मनावर घेऊ नकोस. यंत्रानं काढून घेतलेला शब्द तो. तूच काकांना सांगून टाकलंस, ऐकलं मी खिडकीतनं, बरं केलंस. माझं काम हलकं झालं."

हक्कसोडपत्राच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं फुली मारून तिच्या सहीची जागा दाखवली होती. उल्कानं ते पान पाहिलं. आजवर भाऊ जिथं फुली मारायचा तिथं ती सही करायची.

"अर्धं घर माझं आहे," ती म्हणाली. "ते मी सोडणार नाही. परस आणि खोली माझ्या अर्ध्यात येईल. त्यासाठी मला कावळा नको, आणि तुझा शब्दही नको."

"तमाशा करणारेस तू? आईला जाऊन दहा दिवस झालेत."

"तमाशा सकाळी झाला, दादा. तिकीट तू काढलं होतंस." तिनं हात पुढं केला. "डबी दे."

त्यानं ती टेबलावर टाकली. इतक्या वर्षांत भावंडांमध्ये जे काही होतं ते त्या आवाजाबरोबर संपलं, हे दोघांनाही समजलं. गिरीश कागद गोळा करून निघून गेला.

उल्कानं कामाचा पडदा उघडून डबीच्या खात्यात आईच्या आवाजापुढची खूण काढली. 'कायमचे पुसायचे?' यंत्रानं विचारलं. तिनं होय म्हटलं. 'आपल्या प्रतीतून पुसले आहे,' उत्तर आलं. 'भागीदार संस्थांकडील प्रती त्यांच्या धोरणानुसार राहतील.' त्याच्याच खाली 'स्पर्श सेवे'चा निरोप येऊन पडला होता. आपला अनुभव कसा वाटला? पाचपैकी किती तारे? वर्षश्राद्धासाठी आवाज सुरक्षित ठेवण्यात येईल.

तिनं कंपनीला चार ओळींचा राजीनामा लिहिला आणि कान पुन्हा एकदा साबणानं धुतले.

बारा वाजले. परसात ऊन धुण्याच्या दगडावर आलं होतं. कुंदा ताटलीत भात घेऊन दारात उभी राहिली. सवयीनं थांबली, हाकेची वाट पाहत. आंब्यावर घोगरी येऊन बसली होती. तीही वाट पाहत होती.

"ताई, तुमी मारा हाक," कुंदा म्हणाली. "तुमचा आवाज आक्कांसारखाच हाय."

उल्का मागच्या पायरीवर बसली. तिनं तोंड उघडलं. 'ये' हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिला आधीच ऐकू आला. लांबलेला, ओळखीचा, आईचा.

तिनं तोंड मिटलं. कुंदाच्या हातातून चमचा घेतला आणि ताटलीच्या काठावर तीनदा वाजवला.

घोगरीनं मान तिरकी केली. अकरा सेकंद झाले, वीस झाले. मिनिट होऊन गेलं. उल्का चमचा वाजवत राहिली.